पहिलाच कळप: हॅचरीची पिल्लं घ्यावीत की गावठी तलंगा?

अनेरकाठ

राम राम मंडळी. शिरपूर तालुक्यात अनेरच्या काठाला आमचं शेत आहे. थोडी केळी, बाकी कपाशी आणि मका. राहतो मळ्यातच. आई आणि बायको दोघींनी मनावर घेतलंय की यंदा कोंबड्या पाळायच्या. आमच्या घरात याआधी कोणी पाळलेल्या नाहीत.

धंदा करायचा नाही. घरापुरती अंडी निघावीत, पाहुणा आला तर कोंबडा असावा, उरलेली अंडी गावात विकली जावीत, एवढंच.

एका हॅचरीचा माणूस येऊन गेला. शंभरच्या खाली पिल्लं देत नाही. म्हणतो, दिसायला गावठीसारखीच, वर्षाला दोनशे अंडी देते आणि गावठीच्याच भावात विकली जाते. दुसरीकडे आमच्या सालदाराचे पाहुणे सातपुड्यात वर राहतात, ते पाच-सहा गावठी तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणि एक कोंबडा द्यायला तयार आहेत. त्यांची कोंबडी मात्र वर्षाला पन्नास-साठच अंडी देते म्हणे.

चौपटीचा फरक ऐकून मन हॅचरीकडे झुकतंय. पण मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात ती पिल्लं टिकतील का? ज्यांनी पाळल्यात त्यांनी सांगावं.

विसरवाडीहून

दादा, धंदा करायचा नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग शंभर पिल्लं घेऊ नका. पहिल्यांदा पाळणाऱ्याने सहा-सात गावठी तलंगा आणि एक कोंबडा एवढ्यावर सुरुवात करावी असं मी ठामपणे सांगेन. कारणं नीट सांगते, जरा मोठं होईल.

माझं माहेर आणि सासर दोन्ही नवापूर तालुक्यातलं. आमच्याकडे कोंबडी ही बाईची मिळकत. बाजाराच्या दिवशी दोन कोंबड्या पायाला दोरी बांधून नेल्या की मीठ-मिरची, तेल, पोरांच्या वह्या सगळं त्यात होतं. त्यासाठी कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हे पिढ्यान्पिढ्या चाललंय, ते कोंबडी स्वतःची स्वतः वाढते म्हणून.

खान्देशला स्वतःची कोंबडीची जात आहे हे खान्देशातच फार कमी लोकांना ठाऊक असतं. तिचं नाव बुसरा. कडकनाथ, असील, अंकलेश्वर यांच्याबरोबर कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे तिची जात म्हणून नोंद आहे. तिचा मुलूख म्हणजे नंदुरबार-धुळ्याचा पश्चिम पट्टा आणि पलीकडचा गुजरातचा जुना सुरत जिल्हा. अंगाने लहान, हलकी, सारखी सावध. रंगाला एक नियम नाही. बहुतेक पांढरट अंग, मानेवर, पाठीवर, शेपटीत काळं पीस, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस छटा. मोठी झालेली कोंबडी किलोच्या आतबाहेर, कोंबडा थोडा जास्त. वर्षाला अंडी ४० ते ५५, तीही छोटी. आकडा लहान आहे, तो मी लपवत नाही.

पण ती अंडी कशी देते ते बघा. दहा-बारा अंडी घालते आणि खुडूक बसते. एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही, दिवसातून एकदा उठून दाणा-पाणी करते, शिटते, परत बसते. पिल्लं निघाली की दोन महिने ती अंड्यांच्या कामाची नाही, कारण तिला पिल्लं वाढवायची असतात. पन्नास अंड्यांच्या आकड्यामागे हे काम आहे. हॅचरीच्या कोंबडीतून खुडूक होणं निवडीने काढून टाकलंय, म्हणून तिची अंडी वाढली. मग पुढची पिल्लं कुठून आणणार? परत त्याच माणसाकडून.

आणि आई असलेलं पिल्लू वेगळंच असतं. आमच्या अंगणात रोज बघते. कोंबडीला किडा सापडला की ती हलक्या आवाजात भराभर टुकटुक करते आणि सगळी पिल्लं तिच्या चोचीखाली जमतात. घारीची सावली जमिनीवर सरकली की एकच लांबट, घशातला आवाज काढते आणि पिल्लं असतील तिथे झुडपाखाली, टोपलीखाली, तिच्या पंखाखाली गडप होतात. खोक्यातून आलेल्या पिल्लाला हे शिकवणारं कोणी नसतं. ते उघड्यावर मान वर करून बघत राहतं.

उन्हाचं म्हणाल तर हलक्या अंगाच्या पक्ष्याला ऊन कमी बाधतं. आमच्याकडे काही बोडक्या मानेच्या कोंबड्याही असतात, मानेवर पीस नसतं. दिसायला लोकांना आवडत नाहीत, पण उन्हाळ्यात त्या सगळ्यात तरतरीत असतात, कारण अंगावर पिसंच कमी. मिळाली तर एखादी जरूर घ्या.

पांझरेकाठी

ताईंचा अनुभव मोठा आहे, पण नवीन माणसाला दुसरी बाजूही कळायला हवी. मी धुळ्याजवळ ग्रामप्रिया आणि वनराजा दोन्ही पाळतो.

या दोन्ही जाती हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच काढल्यात, पिंजऱ्यासाठी नाही. वनराजा अंगाने भरते, मोकळी ठेवली तरी वर्षाला १०० ते ११० अंडी देते. ग्रामप्रिया हलकी आणि दीडशेच्या पुढे जाते. रंग गावठीसारखा, त्यामुळे गिऱ्हाईक नाक मुरडत नाही. ती ‘दोनशे’ची बोली मात्र खरी धरू नका, तेवढी अंडी पूर्ण खाद्य देऊन शेडमध्ये सांभाळलेल्या कोंबडीची असतात.

गावठीत पिल्लांची मर फार. दहा निघाली तर त्यातली निम्मी घार, मुंगूस आणि मांजर खातात. त्यात वाढ हळू. गावठी कोंबडा कापण्याजोगा व्हायला सहा-सात महिने जातात. हॅचरीत पिल्लाला पहिल्याच दिवशी मरेक्स या रोगाची लस टोचून मिळते, सगळी एका वयाची असतात, म्हणून पुढच्या लसी एका दिवशी उरकतात. घरात शाळेची पोरं असतील आणि रोज अंडं हवं असेल तर गावठीवर भागणार नाही.

अनेरकाठ भाऊ, शंभर एकदिवसाची पिल्लं घेऊ नका, इथे मी ताईंशी सहमत आहे. पण चार-पाच आठवडे वाढवून दिलेली पिल्लंही मिळतात. त्यातली वीस घ्या. पिल्लं बल्बखाली ऊब देऊन जगवायची जोखीम दुसऱ्याने उचललेली असते.

विसरवाडीहून

पांझरेकाठी दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, वाद आकड्यांचा नाहीच. मी खाद्याचं विचारते. शेडमधली लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. दहा कोंबड्यांना वर्षाला ४२० किलोच्या आसपास, तेही विकतचं. म्हणून ती तीनशे अंडी देते. तुमची ग्रामप्रिया मोकळी चरते, तरी पुरेसं खाद्य दिलं नाही तर अंडी खाली येतात की नाही?

आमची कोंबडी सकाळी सुटली की वाळवी, गवताचं बी, शेणातले किडे, खळ्यात सांडलेली ज्वारी यावर राहते. संध्याकाळी मूठभर दाणा टाकायचा, तोही मुख्यतः ती घराकडे परत यावी म्हणून.

दुसरं म्हणजे वनराजा दोन वेगळ्या वंशांच्या संकरातून येते. तुम्ही घरीच तिची अंडी उबवलीत तर पिल्लं आईबापासारखी निघत नाहीत, कोणी बारीक, कोणी जाड, अंडी कमी. म्हणजे जात हातात राहत नाही. ज्याला कळप घरातच वाढवायचा आहे त्याच्यासाठी हा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा.

पांझरेकाठी

ते मान्य. दर दीड-दोन वर्षांनी मी नवीनच पिल्लं आणतो आणि तो खर्च धरूनच चालतो. ज्याला तो धरायचा नाही त्याने गावठी घ्यावी.

चाळीसगावकर

मधेच विचारतो. कडकनाथ का नको? भाव चांगला मिळतो म्हणतात.

मोलगीचा_बाजार

कडकनाथ आमच्या शेजारचीच. नर्मदेच्या पलीकडे अलिराजपूर, झाबुआ हा तिचा मुलूख. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं. कातडी, मांस, हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. अंडं मात्र काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. कोणी काळं अंडं दाखवलं तर ते रंगवलेलं समजा.

जात चांगलीच आहे, काटक आहे. पण खुडूक बसायला ती फारशी राजी नसते, तिची अंडी बहुधा दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवावी लागतात. म्हणजे पहिल्या कळपाला गावठी लागतेच.

आणि भावाचं ऐकून उडी मारू नका. २०१९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात ‘आमच्याकडून पिल्लं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच परत विकत घेऊ’ या बोलीवर शेतकऱ्यांकडून कोट्यवधी रुपये गोळा झाले आणि पुढे माल उचलायला कोणी आलं नाही. कितीतरी घरं कर्जात गेली. विकत घ्यायची हमी देऊन पिल्लं विकणारा कुठल्याही जातीची विकत असो, दारातूनच परत पाठवा.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, नंदुरबार जिल्ह्यात बरीच वर्षं काम केलंय. ‘गावठीला काही होत नाही’ हा समज पहिल्यांदा पालन करणाऱ्याला बुडवतो, म्हणून लिहितोय.

गावठी कोंबडी काटक असते हे खरं. पण राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो आला की गावठी आणि हॅचरीची असा भेद करत नाही. हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून श्वास, मग मान वाकडी होणं, आणि चार-सहा दिवसांत अंगण रिकामं. गावोगावी गावठी कोंबडी कमी झाली त्याचं सर्वात मोठं कारण मी हेच मानतो.

राणीखेतसाठी पिल्लाला ५ ते ७ दिवसांत लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, आणि ८ ते १० आठवड्यांचं झाल्यावर आर-टू-बी लस टोचून. देवीची लसही सहा-आठ आठवड्यांच्या सुमारास द्यावी. लस टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या आणि आजारी पक्ष्याला लस टोचू नका.

अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या, वस्तीवरच्या सगळ्यांनी एक दिवस ठरवा, बर्फाच्या डब्यात बाटली आणा आणि सगळ्यांच्या कोंबड्यांना एका सकाळी देऊन मोकळे व्हा. कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, अंधार असतानाच, म्हणजे धरायला सोप्या जातात. एकट्याने आपल्याच कोंबड्यांना लस दिली आणि शेजाऱ्याच्या तशाच राहिल्या तर रोग गल्लीत फिरतच राहतो.

नवीन पक्षी आणला की पंधरा दिवस तरी वेगळा ठेवा.

केळीबाग_रावेर

डॉक्टरसाहेब, बर्ड फ्लूचंही सांगा. आमच्याकडे अजून लोक घाबरतात.

गुरांचा_डॉक्टर

देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरलाच आढळली. तिथे मोठमोठे लेअर फार्म आहेत. परिघातले लाखो पक्षी नष्ट करावे लागले, त्यात घराघरांतल्या अंगणातल्या कोंबड्याही होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा नवापूरलाच तीच वेळ आली. बुसराचा मुलूख आणि हे फार्म एकाच तालुक्यात आहेत, ही त्या जातीच्या दृष्टीने काळजीची गोष्ट आहे. एका जागीच असलेली जात एका साथीत जाऊ शकते. म्हणून शिरपूर, चोपडा, यावलकडे कोणी ती पाळत असेल तर त्यात जातीचाही फायदाच आहे.

नियम साधे आहेत. फार्मवरून काढलेल्या बाद लेअर कोंबड्या स्वस्त मिळतात, त्या आणून गावठीत सोडू नका. पाणपक्षी उतरतात त्या डबक्यावर कोंबड्या जाऊ देऊ नका. अचानक बरेच पक्षी मेले तर नाल्यात फेकू नका, कापून खाऊ नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाधित क्षेत्र जाहीर झालेलं असताना पक्ष्यांची ने-आण बंद असते, तेव्हा खरेदीला जाण्याआधी चौकशी करा. सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, म्हणून लपवण्यात काहीच मिळत नाही.

विसरवाडीहून

२००६ ची आठवण आमच्या घरात अजून निघते. अंगणात एकही कोंबडी उरली नव्हती. सासूबाईंनी पुढे दूरच्या पाड्यावरच्या नातेवाइकांकडून दोन तलंगा आणून परत सुरुवात केली. आज गावात ज्या आहेत त्यातल्या कितीतरी त्या दोघींच्या वंशातल्या. हॅचरीवर अवलंबून असतो तर पैसे जमेपर्यंत अंगण तसंच राहिलं असतं.

अनेरकाठ

सगळ्यांचे आभार. मन वळलं, गावठीच घेतो. आईला तर पहिल्यापासून तेच हवं होतं. आता पुढचं. पाहुण्यांकडे गेल्यावर चांगली तलंग ओळखायची कशी? बाजारातली घेतली तर चालेल का? आणि घरात सरकी भरपूर आहे, ती खाऊ घातली तर खाद्याचा खर्च वाचेल ना?

केळीबाग_रावेर

सरकीचं आधी सांगतो कारण ते तातडीचं आहे. सरकी किंवा सरकीची पेंड कोंबडीला घालू नका. गाईम्हशीला चालते, कोंबडीला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, त्याने अंड्याचा बलक हिरवट पडतो, जास्त झालं तर कोंबडी अंगाने खंगते. ज्वारी, बाजरी, भरडलेला मका, तांदळाची कणी घाला. मक्याला बुरशीचा वास येत असेल तर तोही नको, त्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे एका भांड्यात वेगळे ठेवा, तिला लागेल तसे ती स्वतः खाते.

आणखी एक. पेरणीच्या दिवसांत कोंबड्या कपाशीच्या, मक्याच्या शेतात सोडू नका. पाकिटातलं बियाणं औषध लावलेलं असतं, ती उकरून खातात आणि मरतात. फवारणीनंतरही काही दिवस बंद ठेवा. केळीच्या बागेत मात्र खुशाल सोडा. सावली असते, ओल असते, गांडुळं आणि किडे भरपूर. नव्या लागवडीची रोपं तेवढी मोठी होऊ द्या, नाहीतर बुंध्याजवळची माती उकरून टाकतात.

मोलगीचा_बाजार

तलंग ओळखायचं मी सांगतो, बाजारात आमच्या घरच्यांनी जन्मभर तेच केलंय.

सकाळी लवकर जा, कोंबड्या सुटायच्या आत. आधी लांबून बघा. जी कोपऱ्यात पिसं फुगवून डोळे मिटून बसलीय ती नको. मग हातात घ्या, उलटी धरू नका, छातीखाली तळवा घालून धरा. छातीचं मधलं हाड बोटाने चाचपा. ते सुरीच्या पात्यासारखं लागलं तर कोंबडी उपाशी किंवा जंताळलेली आहे, दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं लागलं पाहिजे. तुरा लालसर, डोळा गोल आणि चकचकीत, नाकातून पाणी नाही. कानाशी धरून श्वास ऐका, घरघर नको. पंख उचलून कातडी बघा, उवा तिथे आणि शेपटीखाली असतात. शेपटीखालचं पीस शिटेने चिकटलेलं असेल तर परत ठेवा.

पाय बघा. तलंगेच्या पायाचे खवले गुळगुळीत, बसलेले असतात. म्हाताऱ्या कोंबडीचे खवले उठलेले, खरबरीत. पोटाच्या मागच्या बाजूला दोन बारीक हाडं असतात, त्यांच्यात दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आलीय, एकच मावलं तर अजून वेळ आहे. पहिल्या कळपासाठी एक-दोन पिल्लं वाढवलेल्या कोंबड्या आणि बाकी तलंगा असं मिसळून घ्या. अनुभवी कोंबडी असली की तलंगा तिच्या मागे संध्याकाळी खुराड्यात जायला शिकतात.

कोंबडा वेगळ्या घरचा घ्या. तलंगा आणि कोंबडा एकाच घरचे असले तर बहीण-भावंडं निघतात, आणि तसं दोन-तीन पिढ्या चाललं की पिल्लं कमजोर होतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या माणसाशी कोंबड्याची अदलाबदल करा. पैसे लागत नाहीत, फक्त ओळख लागते.

बाजारात मोटारसायकलवर टोपल्या लावून ‘गावठी पिल्लं’ विकतात, त्यांच्यापासून सावध. सगळी एका रंगाची, एका मापाची पिल्लं गावठी नसतात. गावठीच्या एका वेतात एक काळं, एक पिवळं, एक पट्ट्यांचं असं निघतं. आणि गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं असतात ती बहुतेक लेअर हॅचरीतून काढून टाकलेले नर. ते अंडी देणार नाहीत.

गुरांचा_डॉक्टर

उत्तम माहिती. अंड्याच्या रंगाचीही भर घालतो. तपकिरी कवच म्हणजे गावठी असं गिऱ्हाईक समजतं. कवचाचा रंग जातीवर असतो, पिंजऱ्यातली कोंबडीही तपकिरी अंडं देते. गावठी अंडं बहुधा लहान आणि फिकट असतं.

धरणगावनी_पोर

मी अहिराणीत लिखस, चालई ना? मनी माय सांगस, खुडूक कोंबडीले जागावरथून हालवानं नही आनि तिना जोडे कुत्रं जाऊ देवानं नही. खुराडाना दार रातले पक्कं लावा. मुंगूस तीन बोटंनी फटमाईन बी घुसस.

पांझरेकाठी

दाराचं अगदी खरं. मोठ्या भोकाची कोंबडीजाळी मुंगसाला अडवत नाही, पाय घालून ओढतो. अर्ध्या इंचाची जाळी घ्या आणि ती जमिनीत वीतभर पुरा. बाकी खुराड्याला खर्च करू नका. तुराट्यांच्या किंवा बांबूच्या भिंती, वर पत्रा आणि पत्र्यावर पऱ्हाट्या किंवा केळीची वाळलेली पानं. नुसता पत्रा ठेवलात तर मे महिन्यात भट्टी होते. रात्री बसायला एका कोंबडीला दोन चौरस फूट धरा. बसायला आडवं लाकूड द्या, गावठी जमिनीवर झोपत नाही. खाली शेंगांची टरफलं किंवा लाकडाचा भुसा टाका आणि आठवड्यातून एकदा हलवा. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि माती मिसळून ठेवा, त्यात लोळून त्या उवा झटकतात.

उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि दिवस मावळताना. दुपारी फक्त पाणी, मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दोनदा बदलून. चोच उघडून पंख अंगापासून दूर धरून बसल्या की समजा ऊन सोसत नाहीये, तेव्हा गोणपाट ओलं करून वाऱ्याच्या बाजूला टांगा.

अनेरकाठ

दोन दिवसांत पाहुण्यांकडे जातोय. कोंबडा दुसऱ्या पाड्यावरून घेईन. लसीसाठी वस्तीवरच्या चार घरांशी बोललो, तीन तयार झाली.

शेवटचं विचारतो. पहिली कोंबडी खुडूक कधी बसवावी? आणि ती खुडूक होईपर्यंत अंडी ठेवायची कुठे? फ्रिजमध्ये?

विसरवाडीहून

फ्रिजमध्ये नको दादा, खायची असतील तीच फ्रिजमध्ये. उबवायच्या अंड्याला तेवढा गारठा सोसत नाही.

पावसाळा सरल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत बसवा. तेव्हा पिल्लांना खळ्यावर दाणा मिळतो आणि ऊन नसतं. पौष-माघात रात्री थंडी फार पडते, तेव्हा आईसकट टोपलीखाली घ्या आणि वर गोणपाट टाका. चैत्र-वैशाखात बसवू नका. नुसत्या हवेच्या उष्णतेनेच अंड्यातला जीव अर्धवट धरतो आणि मरतो, कोंबडी बिचारी एकवीस दिवस सडक्या अंड्यांवर बसते.

खुडूक झाली की कळतंच. जागेवरून उठत नाही, हात नेला की पिसं फुगवून टोचते, आवाज बदलतो. एक-दोन दिवस तिला बघा, टिकून बसली तरच अंडी द्या, तीही रात्री. लहान अंगाची असेल तर आठ-दहा, मोठी असेल तर बारा. पंखाबाहेर एकही अंडं दिसता कामा नये. सातव्या रात्री एकेक अंडं टॉर्चवर धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवा, स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाका.

तोपर्यंत अंडी ठेवायला मातीचं मडकं घ्या. घमेल्यात ओली वाळू, तिच्यावर मडकं, मडक्यात कोरडी राख किंवा ज्वारी. अंडं टोकाची बाजू खाली करून त्यात उभं करा. धुऊ नका, शीट लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. रोज अंड्यावर पेन्सिलने तारीख घाला. सात दिवसांपेक्षा जुनं झालेलं अंडं कोंबडीखाली न घालता भुर्जीला घ्या.